कुवेतहून लागणारा एसी

होळी उलटली की मला कोणी ‘कसे आहात’ असं विचारत नाही. फोन कानाला लावायच्या आत पलीकडून आवाज येतो, “कूलिंग येत नाहीये!” माझी सख्खी मेव्हणीसुद्धा मार्च ते जून माझ्याशी एवढंच बोलते. हवा बदलली की मग सगळ्यांना माझी तब्येत आठवते.

मुरूडला माझं एसी-फ्रीज दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे होतं. शटर अजून माझंच आहे, आत पुतण्या मोबाइलची कव्हरं विकतो. आखातातून परत आल्यावर रेवसच्या जेट्टीपासून दिघीच्या खाडीपर्यंत मी किती घरांच्या भिंतींना भोकं पाडली याचा हिशेब नाही. गुडघ्यांनी शिडीला नकार दिला तेव्हा काम सोडलं. लोकांना वाटतं, एसीवाला म्हणजे जन्मभर गारव्यात. अहो, एसी बंद पडतो तेव्हा आम्हाला बोलावतात आणि चालू झाला की आमचं काम संपतं. गार खोलीत आम्ही फार तर हात पुसण्यापुरते थांबतो. बाकीचा वेळ गच्चीवर, तापलेल्या पत्र्यावर, बाहेरच्या डब्यासमोर. तो डबा गरम फुफाटा थेट तोंडावर मारत असतो आणि आपण त्याच्या पोटात हात घालून बसलेलो असतो.

तो डबा काय करतो ते एकदा सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. तांब्याच्या नळीतून गॅस फिरतो, तो आतली उष्णता घेतो आणि बाहेर येऊन सोडतो. हमालीच आहे ती. छतातून, काचेतून ऊन आत शिरतच राहिलं तर हमालाचं ओझं संपत नाही, तो एक दिवस बसतो. त्यात आमचा वारा खारा. बाहेरच्या डब्याला अ‍ॅल्युमिनियमची कागदासारखी पातळ पाती असतात. घाटावर ती वर्षानुवर्षं टिकतात. आमच्याकडे काही पावसाळ्यांतच अशी होतात की बोट लावलं तर पापडासारखी चुरतात. शिवाय पाली. उबेला म्हणून पाल सर्किटवर जाऊन बसते, शॉक लागून मरते आणि मशीन बंद पडतं. मेलेली पाल काढून दाखवली की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू मीच ती खिशातून आणली.

काशीदला एका साहेबांचा बंगला आहे. स्वभावानं फार चांगला माणूस, जेवल्याशिवाय सोडत नसे. त्यांनी पश्चिमेची अख्खी भिंत काचेची केली, समुद्र दिसावा म्हणून. दुपारनंतर सूर्य त्या काचेतून आत येऊन सोफ्यावर बसायचा. खोलीत मोठ्यात मोठा एसी लावून झाला, मग त्याच्या जोडीला दुसरा. मी म्हटलं, “साहेब, काचेच्या बाहेरून चटयांचे पडदे सोडा, दुपारपुरते.” ते म्हणाले, “विलासराव, पडदाच सोडायचा तर एवढा समुद्र घेतला कशाला?” त्यांचंही बरोबर होतं. मग आम्ही दोघं अंगणात फणसाच्या सावलीत खुर्च्या टाकून चहा प्यायचो, आत दोन एसी चालू. असं बरीच वर्षं चाललं.

पण मला लिहायचं आहे ते बानूखालाबद्दल.

मुरूडच्या मोहल्ल्यात तिचं घर. तिचे मिस्टर जब्बारचाचा मस्कतला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. माझे वडील त्यांच्या वाडीतल्या पोफळींची सुपारी उतरवायला जायचे. मी आयटीआय करून घरी बसलोय हे बघून चाचांनीच मला मस्कतला नेलं, एसीच्या खात्यात लावलं, पहिल्या महिन्यात स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं. चाचांची बायको म्हणजे खरं तर चाची, पण सगळा मोहल्ला तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा म्हणून मीही खालाच म्हणतो. चाचा वारले तेव्हा त्यांचा मुलगा इरफान कुवेतला नोकरीला लागला होता. खाला घरात एकटी राहिली.

जुनं घर कौलारू होतं, वर लाकडी माळा. इरफाननं ते पाडून स्लॅबचं बांधलं. आईला चांगलं घर द्यावं ही त्याची हौस, त्यात वावगं काही नव्हतं. कौलं दरवर्षी चाळावी लागत, माकडं नाचून फोडायची. पण स्लॅब म्हणजे तवा. दिवसभर तापतो आणि संध्याकाळी बाहेर वारा सुटला तरी आत उष्णता सोडतच राहतो. इरफाननं चार खोल्यांना चार एसी घेतले, नवीन तऱ्हेचे, मोबाइलवरून चालणारे. मीच बसवले. बसवताना त्याला फोनवर म्हटलं, “स्लॅबवर पत्र्याची शेड घाल, सावली होईल.” तो म्हणाला, “विलासचाचा, पुढच्या सुट्टीत करू.” सुट्ट्या आल्या आणि गेल्या. आखातातल्या माणसाची सुट्टी लग्नांत आणि दवाखान्यांत संपते, हे मी स्वतः भोगलेलं आहे.

खाला चारपैकी एकाच खोलीत राहायची. बाकीच्या तीन खोल्यांत गाद्यांवर प्लास्टिक तसंच होतं.

एका दुपारी तिचा फोन. “विलास, असशील तसा ये. मशीनमदी काय तरी हाय.”

“काय आहे, खाला? पाल असेल.”

“पाल न्हाय रे. आपोआप चालू व्हतंय. मी बंद करतंय, परत चालू. कोणाचा हात न्हाय, बोट न्हाय. आयतुल कुर्सी पढली, तरी चालू.”

मी गेलो. खाला पडवीत खुर्ची टाकून बसलेली, अंगावर शाल, वैशाखात. आत एसी मस्त चालला होता. रिमोट तिनं पिठाच्या डब्यात लपवून ठेवला होता, म्हणजे मशीनमधल्या जिनाला, त्या भुताला, सापडू नये. मी मशीन उघडलं, बघितलं, काही बिघाड नाही. बंद केलं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. थोड्या वेळानं ‘टिंग’ असा आवाज झाला, हिरवा दिवा लागला आणि झडप उघडली.

“बघ! बघ!” खालानं माझा दंड धरला.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. मी इरफानला फोन लावला. तो ऑफिसात होता. “हो चाचा, मीच लावतोय,” तो म्हणाला. “इथं मोबाइलवर मला अम्मीच्या खोलीचं तापमान दिसतं. मघाशी अडतीस दाखवत होतं आणि अम्मी एसी बंद करून बसते. आता मी काय करू?”

खालाला समजावायला बराच वेळ लागला. तिला सगळं कळलं, फक्त एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा विचारत होती. “म्हंजे तो तिथं बसून बघतंय, मला गरम व्हतंय का?”

“हो.”

“कामाच्या टायमाला?”

“हो, खाला.”

ती उठली. आत जाऊन पिठातून रिमोट काढला, पदरानं पुसला आणि एसीखालच्या खिळ्याला अडकवला.

त्यानंतर तिनं स्वतः एसी कधी लावला नाही. दुपारची नमाज झाली की पलंगावर टेकून बसायची. मग कधीतरी टिंग व्हायचं. खाला मशीनकडे बघून म्हणायची, “वालेकुम अस्सलाम, बेटा. जेवलास?” मी एकदा सर्व्हिसिंगला गेलो असताना हे ऐकलं आणि हातातला ब्रश तसाच राहिला. ती मला म्हणाली, “फोन केला की घाईत असतंय रे. ह्याला घाई नसते.” थोडा वेळ गारवा खाऊन गुडघे ठणकायला लागले की ती मशीन बंद करायची. तिकडून तो परत लावायचा. ती परत बंद करायची. माय-लेकांचं हे भांडण उन्हाळाभर चालायचं आणि दोघांनाही त्याची सवय लागली होती.

दोनतीन उन्हाळे असे गेले. मग तो मे महिना आला.

आमच्याकडे घाम काढणारा उकाडा दरवर्षीचाच, पण त्या वर्षी वारा पडलाच. समुद्रावरून येणारी दुपारची झुळूक, जिच्यावर आमचा अख्खा किनारा जगतो, ती येईना. आणि नेमका मोहल्ल्याकडचा ट्रान्सफॉर्मर जळला. घरोघरी नवे एसी लागलेले, सगळे एकाच वेळी चालणार, तो बिचारा किती ओढणार? वायरमन लोक उन्हात घामाघूम होऊन राबत होते, पण नवीन ट्रान्सफॉर्मर यायला वेळ लागला. मी तेव्हा काशीदला त्या काचेच्या बंगल्याच्या छपरावर होतो. इरफानचा फोन आला.

“चाचा, अम्मी फोन उचलत नाही. कालपासून. एसी पण ऑफलाइन दाखवतोय, तापमान दिसत नाही. मला काहीच दिसत नाहीये.”

“लाइट गेलीये मोहल्ल्यात. फोन डिस्चार्ज झाला असेल.”

“तुम्ही एकदा बघून येता का? प्लीज.”

त्याच्या आवाजात असं काही होतं की मी हत्यारं छपरावरच सोडली आणि मोटारसायकलला किक मारली. काशीद ते मुरूड रस्ता किती सुंदर आहे ते पर्यटकांना विचारा. मला त्या दिवशी फक्त डांबर वितळलेलं दिसत होतं.

दाराला आतून कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. मी हाक मारली. उत्तर नाही. खालाच्या खोलीचं दार ढकललं आणि जो झोत अंगावर आला तो भट्टीचा होता. सगळ्या सरकत्या काचा गच्च बंद. खिडक्या उघड्या ठेवल्या की एसीचा गारवा बाहेर जातो हे इरफाननं तिला शिकवलं होतं, आणि काच उघडी राहिली तर माकडं आत येतात हेही होतं. खाला नेहमीच्या जागी, पलंगावर टेकून, एसीकडे तोंड करून बसलेली.

“खाला, अहो, खिडकी तरी उघडायची!”

“नको,” ती म्हणाली. जीभ जड झालेली. “इरफान लावील आता. लावतंय तो.”

मी हात धरला. अंग चटका बसेल असं तापलेलं आणि कोरडं. त्या खोलीत माझा शर्ट पिळून निघाला होता आणि तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “जब्बार, कधी आलास? आगबोट लवकर लागली का?”

हे मी आधी एकदा पाहिलं होतं. मस्कतला केरळचा शाजी माझा जोडीदार होता. भर जुलैत एका इमारतीच्या गच्चीवर आम्ही कॉम्प्रेसर बदलत होतो. शाजी अचानक गप्प झाला, मग त्याच्या भाषेत हसून काहीतरी बोलायला लागला. मला वाटलं चेष्टा करतोय. त्याचा घाम थांबला होता. खाली उतरवेपर्यंत तो बेशुद्ध झाला आणि दवाखान्यातून परत आला नाही. आमच्या पायाखाली त्या इमारतीचे सगळे मजले गार होते. नंतर कंपनीत एक डॉक्टर आम्हाला सांगायला आला होता: घाम थांबला आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला की वाट बघायची नाही, बोलत बसायचं नाही, आधी अंग थंड करायचं, असेल त्या पाण्यानं, असेल तिथं.

मी खालाला उचललं. किती हलकी झाली होती ती! परसदारी विहीर, भोवती पोफळी. विहिरीजवळच्या ओल्या जमिनीवर सावलीत तिला निजवलं तोवर तिची शुद्ध गेली होती. मी ओरडायला लागलो. शेजारच्या वाडीतून काशीबाई धावत आली. काशीबाई म्हणजे दोन वाड्यांमधल्या कुंपणापलीकडची, मच्छी विकून नुकतीच घरी आलेली. तिनं काही विचारलं नाही. विहिरीचा दोर धरला आणि कळशीवर कळशी ओढायला लागली. आम्ही चादर भिजवून खालाच्या अंगावर टाकली, पाणी ओतत राहिलो. झाडावरून गळलेली पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं जाड साल, पडली होती, पन्हाळीसारखी रुंद, ती घेऊन मी वारा घालत होतो. वाऱ्याशिवाय ओलं फडकं काही कामाचं नाही. पाणी उडालं तर उष्णता घेऊन जातं. जन्मभर जे यंत्राकडून करून घेतलं तेच त्या वेळी हातानं करत होतो.

“पाणी पाजू का रे?” काशीबाईनं विचारलं.

“शुद्धीवर नाही, ठसका लागेल. अंगावर ओत.”

“बानू, ए बानू,” काशीबाई तिच्या गालाला हात लावून बोलत होती, “डोळं उघड ना गो. उद्या सुरमई आणायची हाय तुला, पैशे घेतलेत मी.”

कोणीतरी रिक्षा आणली. ओली चादर तशीच गुंडाळून, वाटेत वारा घालत आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, बगलेत बर्फ ठेवला. संध्याकाळी खालाच्या कपाळावर घाम आला. मला घाम बघून एवढा आनंद कधी झाला नव्हता. मी बाहेर येऊन व्हरांड्यात बाकावर बसलो, इरफानचा नंबर लावला आणि फोन काशीबाईपुढे धरला. काशीबाईनं फोन घेतला आणि कानाला लावून मोठ्यानं सांगितलं, “तुजी आय जिती हाय. रडू नको. ये.”

तो आला. विमानतळावरून सरळ दवाखान्यात. आईच्या पायांशी बसून राहिला. खाला बरी झाली होती, तिला मधलं काही आठवत नव्हतं. ती म्हणाली, “वाळला हायस. तिथं काय खातस का न्हाय?”

घरी आणल्यावर इरफान मला त्या खोलीत घेऊन गेला. लाइट आली होती. तो एसीकडे बघत म्हणाला, “चाचा, लाइट गेल्यावर ती खोलीबाहेर का नाही आली? पडवी आहे, वाडी आहे. विहीर आहे.”

 त्याला माहीत होतं. मी म्हटलं, “चल, वर गच्चीवर जाऊ.”

त्या सुट्टीत तो एकाही लग्नाला गेला नाही. आम्ही दोघांनी मिळून स्लॅबवर पत्र्याची शेड घातली, खालून वारा जाईल एवढी जागा सोडून. स्लॅबला चुन्याचा हात मारला. खिडक्यांना बाहेरून जाळ्या बसवल्या, म्हणजे काचा उघड्या टाकल्या तरी माकडं येणार नाहीत. जुन्या घराला असायचे तसे भिंतीत वरच्या अंगाला झरोके पाडले, वर गेलेली गरम हवा बाहेर पडायला. वेल्डिंगवाला होता, पण इरफान स्वतः पाइप खांद्यावर घेऊन जिना चढायचा, आणि त्याला सवय नव्हती, तळवे सोलून निघाले. खाला खालून ओरडायची, “टोपी घाल रे, उन्हात हायस!” काम झालं आणि दुपारी आम्ही त्या खोलीत पंखा लावून बसलो. गार होती असं म्हणणार नाही. पण माणूस बसू शकत होता, वारा एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं जात होता. मला बरं वाटलं. माझ्या धंद्यात हे काम फार थोड्या लोकांनी माझ्याकडून करून घेतलं. सगळ्यांना मशीन हवं असतं. मशीन दाखवता येतं.

मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. पण इरफान जायला निघाला तेव्हा त्याच्या बॅगेशेजारी खालाची बॅग होती.

“मला तिथं झोप लागत नाही, चाचा,” तो म्हणाला. “रात्रभर फोन बघत असतो.”

खालाला मी वेगळं गाठून विचारलं, “तुम्हाला जायचंय का?”

ती सुपारी कातरत होती. “मला कुठं जायचंय? माझं काय हाय तिथं? पन त्याची दशा बघितलीस? तुझ्या चाचाची वाट बघत मी इथं जवानी काढली, विलास. वाट बघन्यात काय हाल व्हतात मला ठावं हाय. पोरावर ती पाळी कशाला आनू?”

अशी ती गेली. काशीबाई गेटपर्यंत आली होती. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मग काशीबाई कोणाकडे न बघता कुंपणातून निघून गेली. तिला मी तेव्हापासून त्या बाजूला फारसं बघितलं नाही.

तर आता मी काम सोडलेलं असलं तरी ते एक घर अजून माझ्याकडे आहे. खाऱ्या हवेत बंद मशीन चालत्या मशीनपेक्षा लवकर मरतं. पाती पांढरी पडतात, पंखा जाम होतो, आत बुरशी धरते. म्हणून मी मधूनमधून जातो, चारही खोल्यांचे एसी लावतो आणि पडवीत बसून राहतो. कोणी नसलेल्या घरात चार एसी चालवणं हे माझ्या बुद्धीला पटत नाही. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, खोलीत माणूस नसेल तर बंद करा. आता मीच गाद्यांवरचं प्लास्टिक गार करत बसतो. कंटाळा येतो. उठताना गुडघे वाजतात. पण चाचांचं घर आहे. मी नाही गेलो तर इरफान दुसरा कोणी बघेल, आणि तो दुसरा कोणी ती विहीर उपसून ठेवणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात असाच गेलो होतो. मशीनं लावली, सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्या, आणि खालाच्या खोलीत खुर्ची ओढून टेकलो. फोन वाजला. इरफानचा नंबर, पण आवाज खालाचा.

“विलास, तू घरात हायस ना? इरफानच्या फोनवर दिसलं, आपली खोली गार व्हतेय. मी म्हटलं विलासच असनार.”

“हो, खाला. कशा आहात?”

“बरी हाय. इथं सगळीकडं गारच असतंय. घरात गार, गाडीत गार, दुकानात गार. खिडक्या उघडत न्हायत इथं.” मग विचारलं, “तिथं वारा हाय का रे?”

“मस्त सुटलाय. दुपारपासून.”

“तो आवाज कसला येतोय, घर्रर्र?”

“एसीचा.”

“बंद कर ना जरा. मला ऐकू दे.”

मी उठलो आणि तिच्या खोलीचा एसी बंद केला. मग बाकीच्या तीन खोल्यांत जाऊन तेही बंद केले. घर एकदम गप्प झालं. तिच्या पलंगाजवळची काच सरकवली, ती खाऱ्यानं अडकली होती, जोर लावावा लागला. जाळीतून वारा आत आला. मी फोन जाळीला टेकवून धरला. बाहेर पोफळींची टोकं एकमेकींवर घासत होती, लांब समुद्र होता, कुंपणापलीकडे काशीबाई कोणावर तरी मोठ्यानं डाफरत होती.

 फोन कटला की काय म्हणून मी बघितलं, चालू होता. हात अवघडला म्हणून मी दुसऱ्या हातात घेतला. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला, आधी पलीकडे कोणाला तरी, “थांब रे, देतंय,” आणि मग मला.

“बस, विलास. आता लावून घे. भिंतींना खारं धरेल.”

मी काच ओढून घेतली आणि चारही मशीनं पुन्हा लावली. खालाची खोली गार व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला, कारण आत सगळी बाहेरची हवा भरली होती.